हायपरव्हायझरवर संशोधन सुरू करताना: पहिल्या एक्झिटपासून स्वतःच्या प्रश्नापर्यंत

ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया झाला आहे, पेज टेबल, इंटरप्ट, सिस्टिम कॉल हे शब्द ओळखीचे आहेत आणि आता व्हर्च्युअलायझेशनवर काम करायचं आहे, अशांसाठी हा लेख आहे. सी भाषा येत असावी, असेम्ब्ली निदान वाचता यावी आणि लिनक्सच्या टर्मिनलची भीती नसावी. एवढ्या भांडवलावर सुरुवात होते.

या विषयात नवे लोक बहुतेक एकाच ठिकाणी अडकतात. पहिल्याच दिवशी स्वतःचा हायपरव्हायझर, म्हणजे एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवणारा प्रोग्रॅम, लिहायला बसतात आणि मग काही आठवडे काळ्या पडद्याकडे बघत राहतात. चूक कुठे आहे हे यंत्र सांगत नाही, कारण चूक सांगायला जिवंत राहिलेलं काहीच नसतं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी दुसऱ्याच्या हायपरव्हायझरवर छोटा गेस्ट, म्हणजे आभासी यंत्रात चालणारा कोड, चालवायचा, मग मोजायला शिकायचं आणि त्यानंतरच प्रोसेसरशी थेट बोलायचं.

१. वाचन: थोडं, पण या क्रमाने

एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र यंत्रांचा भास निर्माण करायची कल्पना १९६० च्या दशकातली आहे. आयबीएमच्या सीपी-४० आणि सीपी-६७ या प्रणालींनी मेनफ्रेमवर ते करून दाखवलं. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी त्यामागचा नियम काटेकोर मांडला. गेस्टला खऱ्या यंत्रासारखंच वर्तन दिसलं पाहिजे, साधनांवर ताबा हायपरव्हायझरचा राहिला पाहिजे आणि बहुतेक इन्स्ट्रक्शन्स मधे कोणी न पडता थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत. यंत्राची अवस्था बदलणारी किंवा उघड करणारी प्रत्येक इन्स्ट्रक्शन यूझर मोडमध्ये ट्रॅप होत असेल, म्हणजे तिथे थांबून ताबा हायपरव्हायझरकडे जात असेल, तर असा हायपरव्हायझर बांधता येतो, हा त्यांचा निष्कर्ष. तो लेख लहान आहे. तो आधी वाचा.

जुना एक्स८६ प्रोसेसर या कसोटीला उतरत नव्हता. त्याचं ठळक उदाहरण पॉपएफ. यूझर मोडमध्ये या इन्स्ट्रक्शनने इंटरप्ट फ्लॅग बदलायचा प्रयत्न केला तर ट्रॅप होत नाही. प्रोसेसर तेवढा बदल सोडून देतो आणि पुढे जातो. गेस्ट कर्नलला वाटतं इंटरप्ट बंद झाले, प्रत्यक्षात काहीच झालेलं नसतं आणि हायपरव्हायझरला या सगळ्याचा पत्ताही लागत नाही. पेंटियममध्ये अशा १७ इन्स्ट्रक्शन्स आहेत, हे २००० साली मोजून दाखवलं गेलं.

यातून तीन वाटा निघाल्या. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये गेस्ट कर्नलचा कोड चालता चालता भाषांतरित केला. केंब्रिजच्या झेनने २००३ मध्ये गेस्ट कर्नलच बदलून घेतला. इंटेलने २००५ मध्ये व्हीटी-एक्स आणि एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही आणून प्रोसेसरच सुधारला. इथे थांबून २००६ चा एक निष्कर्ष नीट समजून घ्या. व्हीएमवेअरच्या कीथ अॅडम्स आणि ओले आगेसेन यांनी दाखवलं की हार्डवेअरची ती पहिली पिढी अनेक कामांत सॉफ्टवेअरच्या भाषांतरापेक्षा हळू पडत होती. कारण एकच: गेस्टमधून हायपरव्हायझरमध्ये येण्याची प्रत्येक खेप महाग होती आणि पेज टेबलं सांभाळताना अशा खेपा फार होत होत्या.

त्या खेपेला व्हीएम एक्झिट म्हणतात. या क्षेत्रातला कामगिरीचा जवळजवळ प्रत्येक प्रश्न शेवटी तीन गोष्टींवर येतो: एक्झिट किती होतात, कशामुळे होतात आणि प्रत्येकाला किती वेळ लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे तीन आकडे हातात यावेत म्हणून आहेत.

टाइप १ (थेट हार्डवेअरवर चालणारा) आणि टाइप २ (दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा) या वर्गीकरणावर मात्र वेळ घालवू नका. लिनक्स कर्नलचाच भाग असलेला केव्हीएम हा हायपरव्हायझर कोणत्या गटात बसतो, या वादातून कोणताही आकडा निघत नाही.

२. काय काय लागेल

यंत्र: ६४ बिटचा इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर, ज्यात व्हर्च्युअलायझेशनबरोबर दुहेरी पेज टेबलांची सोय आहे. इंटेलमध्ये तिला ईपीटी म्हणतात, एएमडीमध्ये एनपीटी. इंटेलमध्ये ती २००८ च्या नेहेलेम पिढीपासून आहे, एएमडीमध्ये २००७ च्या बार्सिलोनापासून, त्यामुळे जुना डेस्कटॉपही चालतो. १६ जीबी मेमरी पुरते. मोजमापासाठी लॅपटॉप टाळा. तापला की तो आपला वेग स्वतःच उतरवतो आणि तुमचे आकडे त्याच्या पंख्याच्या मर्जीवर जातात.

दुसरं यंत्र: पहिल्या सात पायऱ्यांना लागत नाही. आठव्या पायरीपासून सिरियल पोर्टने जोडलेलं दुसरं यंत्र असेल तर उपयोगी पडतं.

सॉफ्टवेअर: लिनक्स, त्याच कर्नलचा सोर्स, जीसीसी, मेक, नॅझम, जीडीबी, गिट, क्यूइम्यू (यंत्राची आणि उपकरणांची नक्कल करणारा एम्युलेटर), मोजमापासाठी पर्फ व ट्रेस-सीएमडी आणि केव्हीएम-युनिट-टेस्ट्स. आठव्या पायरीसाठी बॉक्स हा एम्युलेटरही.

कागदपत्रं: इंटेलच्या डेव्हलपर मॅन्युअलचा तिसरा खंड, एएमडीच्या मॅन्युअलचा दुसरा खंड (त्यातलं १५ वं प्रकरण याच विषयाचं आहे), लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजांतलं केव्हीएम एपीआयचं पान आणि व्हर्टआयओचं, म्हणजे गेस्टसाठीच्या आभासी उपकरणांच्या मानकाचं, स्पेसिफिकेशन. इंटेलच्या मॅन्युअलमध्ये प्रकरणांचे क्रमांक आवृत्तीनुसार सरकतात. म्हणून टिपणं काढताना क्रमांकाऐवजी प्रकरणाचं नाव आणि आवृत्तीची तारीख लिहा.

३. प्रोसेसर खरोखर तयार आहे का, ते तपासा

प्रोसेसरच्या माहितीत इंटेलवर व्हीएमएक्स आणि एएमडीवर एसव्हीएम हा फ्लॅग दिसला पाहिजे. पण फ्लॅग दिसला म्हणजे सोय चालू आहे असं नाही. इंटेलवर हेक्स ३ए क्रमांकाच्या एमएसआरमध्ये (प्रोसेसरच्या सेटिंग्जचं खास रजिस्टर) बिट ० हे कुलूप आहे आणि बिट २ परवानगी. फर्मवेअरने परवानगी न देताच कुलूप लावलं असेल तर पुढच्या रिसेटपर्यंत कोणतंही सॉफ्टवेअर ते बदलू शकत नाही. लिहायचा प्रयत्न केला तर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो. अशा वेळी कर्नलच्या लॉगमध्ये बायोसने बंद केल्याचा संदेश दिसतो. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन सोय चालू करा आणि यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. काही मदरबोर्डवर नुसता रीस्टार्ट पुरत नाही.

यानंतर डेव्ह डिरेक्टरीत केव्हीएम ही फाईल दिसायला हवी. ती उघडताना परवानगी नाकारली गेली तर स्वतःला केव्हीएम गटात घाला, लॉगआउट करा आणि पुन्हा लॉगिन करा. लॉगआउट न करता तीच त्रुटी पुन्हा पाहून गोंधळणारे बरेच असतात. सगळं रूट म्हणून चालवायची सवय लावून घेऊ नका.

दुसरा कोणताही हायपरव्हायझर त्याच यंत्रावर चालू नसावा. व्हीएमएक्सचा ताबा दोघांना एकत्र घेता येत नाही. विंडोजवर काम करत असाल तर हेही ध्यानात घ्या की हायपर-व्ही चालू असताना विंडोज स्वतःच त्याच्यावर चालत असतं. म्हणजे तुमचं लिनक्स तिथे आधीच गेस्ट आहे.

गेस्टच्या आत हायपरव्हायझर चालवणं, म्हणजे नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन, शिकायला उत्तम आहे. लिनक्स ४.२० पासून इंटेलवरही ते मुळातच चालू असतं. पण तिथे मोजलेला एकही आकडा शोधनिबंधात घालू नका. आतल्या गेस्टचा एक एक्झिट हाताळायला बाहेरच्या पातळीवर अनेक एक्झिट होऊ शकतात.

४. बारा बाइटचा गेस्ट चालवा

ही पायरी संपूर्ण लेखाचा कणा आहे, म्हणून घाई करू नका. लिनक्सची पूर्ण प्रतिमा बूट करण्याऐवजी सी मध्ये दीडशे-दोनशे ओळींचा प्रोग्रॅम लिहा. त्याचा गेस्ट एवढाच, हेक्समध्ये:

बीए एफ८ ०३ · बी९ ०५ ०० · बी० ४१ · ईई · ई२ एफडी · एफ४

पहिले तीन बाइट डीएक्समध्ये सिरियल पोर्टचा पत्ता, म्हणजे हेक्स ३एफ८, ठेवतात. पुढचे तीन सीएक्समध्ये ५ ठेवतात. मग एएलमध्ये एका अक्षराचा कोड येतो, ईई तो पोर्टवर पाठवतो, ई२ एफडी पुन्हा मागे त्या ईईवर उडी मारतो आणि पाच फेऱ्या झाल्या की एफ४ म्हणजे हॉल्ट.

प्रोग्रॅमचा क्रम असा:

अ) केव्हीएमची फाईल उघडा आणि एपीआयची आवृत्ती विचारा. उत्तर १२ आलंच पाहिजे. दुसरं काही आलं तर पुढे जाऊ नका.

आ) क्रिएट व्हीएम ही आयऑक्टल (उघडलेल्या फाईलमार्फत कर्नलला आज्ञा देणारा सिस्टिम कॉल) करा.

इ) एमएमॅपने ४०९६ बाइटचं एक पान घ्या, त्यात वरचे बारा बाइट कॉपी करा आणि गेस्टच्या हेक्स १००० या फिजिकल पत्त्यावर ते नोंदवा. पत्ता आणि आकार दोन्ही पानाच्या सीमेवर हवेत, नाहीतर अवैध आर्ग्युमेंटची त्रुटी येते.

ई) क्रिएट व्हीसीपीयू करा, म्हणजे गेस्टचा आभासी प्रोसेसर बनवा. एमएमॅपचा आकार केव्हीएमला विचारा आणि तेवढीच रन रचना मॅप करा. आकार स्वतः गृहीत धरू नका.

उ) सेगमेंट रजिस्टर आधी वाचा, त्यांतल्या सीएसचा बेस आणि सिलेक्टर शून्य करा आणि परत लिहा. रिसेटनंतर सीएसचा बेस हेक्स एफएफएफएफ०००० असतो. तो तसाच राहिला तर गेस्ट तुमच्या कोडपासून फार दूर सुरू होतो.

ऊ) साध्या रजिस्टरांत आरआयपी हेक्स १००० आणि आरफ्लॅग्ज २ ठेवा. आरफ्लॅग्जचा बिट १ नेहमी १ असावा लागतो. तो शून्य ठेवू नका.

ए) लूपमध्ये रन ही आयऑक्टल करा आणि प्रत्येक वेळी बाहेर येण्याचं कारण तपासा. २ म्हणजे पोर्टवरचं काम, ५ म्हणजे हॉल्ट.

पोर्टवर आलेला बाइट रन रचनेच्या सुरुवातीपासून डेटा ऑफसेटइतक्या अंतरावर असतो. तो छापा. पडद्यावर पाच सारखी अक्षरं दिसली आणि सहाव्या खेपेला ५ हे कारण आलं, की तुमचा पहिला व्हर्च्युअल मशीन मॉनिटर तयार आहे.

आता बिघाड. कारण ९ आलं तर प्रोसेसरने आत जायलाच नकार दिला आहे. रजिस्टरांची अवस्था विसंगत आहे, आधी आरफ्लॅग्ज आणि सेगमेंट तपासा. ६ किंवा १७ आलं तर बहुतेक गेस्ट चुकीच्या पत्त्यावर भरकटला आहे. शून्य बाइट ही एक्स८६ वर वैध इन्स्ट्रक्शन आहे, ती मेमरीत बेरीज करते. म्हणून रिकाम्या पानावर गेस्ट थांबत नाही. शून्यं चालवत सुटतो आणि जिथे मेमरी दिलेलीच नाही अशा पत्त्याला हात लावतो. ८ म्हणजे ट्रिपल फॉल्ट. रन आयऑक्टल उणे १ परत देऊन व्यत्ययाचा एरर नंबर ठेवत असेल तर तो बिघाड नाही, सिग्नल आला होता. पुन्हा रन करा.

एक सापळा जरा खोल आहे. कर्नलमधला इंटरप्ट कंट्रोलर तयार केला की हॉल्ट तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. केव्हीएम ते कर्नलमध्येच हाताळतो आणि इंटरप्टची वाट बघतो. बारा बाइटच्या गेस्टला कोणी इंटरप्ट देणार नसल्यामुळे रन आयऑक्टल कायमची अडकते. या प्रयोगात तो कंट्रोलर बनवू नका.

व्हीसीपीयूच्या सगळ्या आयऑक्टल ज्या थ्रेडने तो बनवला त्याच थ्रेडमधून करा. आणि पुढे खरा लिनक्स कर्नल बूट करायचा असेल तर त्याआधी सीपीयूआयडीची, म्हणजे प्रोसेसरमधल्या सोयींची, यादी द्यावी लागते. ती दिली नाही, तर ६४ बिटची सोयच नाही असं समजून कर्नल सुरुवातीलाच थांबतो.

५. दोन्ही बाजूंनी एक्झिट मोजा

तुमच्या प्रोग्रॅमने सहा एक्झिट पाहिले. आता ट्रेस-सीएमडीने केव्हीएम एक्झिट आणि केव्हीएम एन्ट्री हे दोन ट्रेसपॉइंट चालू करून तोच गेस्ट पुन्हा चालवा. आकडा सहापेक्षा मोठा येईल. हा फरक समजावून घेण्यात एक अख्खी दुपार गेली तरी चालेल.

इंटेलवर ३० क्रमांकाचे पोर्टचे आणि १२ क्रमांकाचा हॉल्टचा एक्झिट ओळखीचे वाटतील. त्यांच्याआधी ४८ दिसेल, म्हणजे ईपीटी व्हायोलेशन. तुम्ही दिलेलं पान केव्हीएम लगेच ईपीटीत बसवत नाही, गेस्टने पहिल्यांदा हात लावल्यावर बसवतो. १ दिसलं तर बाहेरचा इंटरप्ट, बहुधा होस्टचा, म्हणजे खालच्या खऱ्या यंत्राचा, टायमर. एएमडीचे क्रमांक वेगळे आहेत: सीपीयूआयडी हेक्स ७२, हॉल्ट ७८, पोर्ट ७बी आणि नेस्टेड पेज फॉल्ट ४००. दोन्हींचे तक्ते शेजारी ठेवून काम करा.

यातून निघणारा भेद पुढे सतत लागतो. काही एक्झिट कर्नलमध्येच मिटतात, काही थेट यूझर प्रोग्रॅमपर्यंत जातात. दुसरा प्रकार कितीतरी महाग, कारण त्यात कर्नलमधून बाहेर जाणं, परत येणं आणि मधला सगळा हिशेब मिसळतो. उपकरणांच्या संशोधनात बरीचशी मेहनत जड एक्झिट हलका करण्यासाठी किंवा पूर्णच टाळण्यासाठी असते. व्हर्टआयओमध्ये अनेक विनंत्या एका रांगेत ठेवून एकदाच घंटा वाजवतात ती याचसाठी. ती घंटा आयओइव्हेंटएफडी या केव्हीएमच्या सोयीने कर्नलमध्येच पकडली की व्हीसीपीयूच्या थ्रेडला यूझर प्रोग्रॅमपर्यंतची खेप करावी लागत नाही.

मोठ्या गेस्टसाठी पर्फची केव्हीएम स्टॅट ही उपआज्ञा वापरा. कारणानुसार संख्या आणि वेळ, दोन्ही देते. फक्त हॉल्टच्या ओळीतला वेळ एकूण खर्चात धरू नका. तो गेस्ट झोपला होता तो काळ आहे.

६. एका एक्झिटची किंमत, आणि तिच्यात मिसळणारी भेसळ

इंटेलवर सीपीयूआयडी ही इन्स्ट्रक्शन गेस्टमध्ये बिनशर्त एक्झिट घडवते आणि केव्हीएम ती कर्नलमध्येच मिटवतो. म्हणून मोजपट्टी म्हणून ती सोयीची. गेस्टमध्ये तिच्या १०,००० फेऱ्या चालवा, आधी आणि नंतर टाइमस्टॅम्प काउंटर वाचा, फरकाला १०,००० ने भागा. सीपीयूआयडी ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स आणि ईडीएक्स ही चारही रजिस्टरं पुसून टाकते, त्यामुळे फेऱ्यांची मोजणी सीएक्समध्ये ठेवली तर लूप बिघडतो. एसआय वापरा. अलीकडच्या प्रोसेसरवर उत्तर साधारण हजार-दोन हजार सायकल्सच्या घरात येतं. केव्हीएम-युनिट-टेस्ट्समध्ये व्हीएमएक्झिट नावाची चाचणी आहे, तिच्याशी ताडून बघा. दोघांत मोठी तफावत असेल तर तुमच्या मोजण्यात काहीतरी मिसळतं आहे.

काय मिसळतं? सगळ्यात आधी प्रोसेसरचा बदलता वेग. टर्बो बंद करा आणि गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवा. टाइमस्टॅम्प काउंटर ठरावीक वेगाने चालतो, गाभा मात्र कमी-जास्त वेगाने. हा वेग बांधला नाही तर ज्याला तुम्ही सायकल्स म्हणता त्या सायकल्स नसतात. मग हायपरथ्रेडिंग: शेजारचा थ्रेड त्याच गाभ्याची साधनं खातो, म्हणून ते (सेटिंगमध्ये एसएमटी) बंद करा. व्हीसीपीयूचा थ्रेड टास्कसेटने एका गाभ्याला बांधा आणि तो गाभा शेड्युलरपासून वेगळा काढा. यंत्रात एकाहून जास्त न्यूमा नोड (आपली जवळची मेमरी असलेले गाभ्यांचे गट) असतील तर मेमरीही त्याच नोडवरची घ्या. समान पानं एकत्र करणारा केएसएम बंद ठेवा.

सुरक्षेचे उपाय ही वेगळीच भानगड आहे. २०१८ मध्ये उघड झालेल्या एल१टीएफ या त्रुटीमुळे काही इंटेल प्रोसेसरवर गेस्टमध्ये शिरण्यापूर्वी एल१ डेटा कॅश रिकामी करावी लागते. त्यामुळे एकच कोड, एकच कर्नल, पण प्रोसेसर वेगळा म्हणून एक्झिटची किंमत पार बदलते. हे उपाय बंद करून मोजू नका, कारण तसं यंत्र कोणी वापरत नाही. कोणते उपाय चालू होते हे नोंदवा. सिसएफएसमधल्या व्हल्नरेबिलिटीज डिरेक्टरीची पूर्ण प्रत प्रत्येक निकालाबरोबर जपून ठेवा.

हॉल्ट पोलिंगही माहीत हवं. गेस्ट हॉल्ट झाला तरी केव्हीएम लगेच झोपत नाही. एक्स८६ वर मुळात २,००,००० नॅनोसेकंदांपर्यंत फिरत वाट बघतो. म्हणून गेस्ट निवांत असतानाही होस्टचा गाभा व्यस्त दिसू शकतो. वीज किंवा सीपीयूचा वापर मोजत असाल तर हे शून्य करून एकदा आणि तसंच ठेवून एकदा, असं दोनदा मोजा.

तुलना कशाशी करता, तेही पाहा. चार व्हीसीपीयू आणि ४ जीबीच्या गेस्टची तुलना सोळा गाभ्यांच्या उघड्या यंत्राशी केली तर निकाल निरर्थक ठरतो. उघडं यंत्रही बूटच्या वेळी तेवढेच गाभे आणि तेवढीच मेमरी देऊन, त्याच कर्नलवर चालवा. प्रत्येक मापन निदान ३० वेळा घ्या, पहिल्या काही फेऱ्या टाकून द्या आणि सरासरीबरोबर मध्यक व ९९ वा पर्सेंटाइलही द्या. एक्झिटचे खर्च एका बाजूला लांब शेपटी असलेले असतात. नुसती सरासरी ती शेपटी लपवते.

७. मेमरी: चोवीस वाचनांचा हिशेब

गेस्टचा व्हर्च्युअल पत्ता आधी गेस्टच्या पेज टेबलातून जातो, पण त्या टेबलांचे पत्तेही गेस्टच्या फिजिकल जगातले असतात. तेही ईपीटीतून जावे लागतात. गेस्टच्या पातळ्या म आणि होस्टच्या न असतील तर टीएलबी (पत्त्यांच्या भाषांतराची कॅश) चुकल्यावर जास्तीत जास्त वाचनं (म + १) × (न + १) − १. दोन्हीकडे चार पातळ्या असतील तर २४, उघड्या यंत्रावर फक्त ४. दोन्हीकडे २ एमबीची पानं घेतली तर तीन-तीन पातळ्या उरतात आणि आकडा १५ वर येतो. फक्त होस्टकडे मोठी पानं घेतली तर १९.

हे स्वतः करून पाहण्यासारखं आहे. १ जीबीच्या तुकड्यात यादृच्छिक उड्या मारणारा प्रोग्रॅम गेस्टमध्ये चालवा आणि पानांच्या चारही जोड्या मोजा. गेस्टमध्ये मोठी पानं आणि होस्टमध्ये छोटी, ही जोडी नव्या लोकांना फसवते. गेस्टला वाटतं २ एमबीचं पान मिळालं, पण टीएलबीत नोंद दोघांतल्या लहान आकाराचीच होते.

नंतर केव्हीएमचं इंटेल मॉड्यूल ईपीटी बंद करून लोड करा आणि गेस्टमध्ये कर्नल कंपाइल करा. आता केव्हीएम शॅडो पेज टेबलं, म्हणजे गेस्टच्या टेबलांवरून स्वतः बनवलेली टेबलं, वापरतो. गेस्टने पेज टेबलात केलेले बदल त्याला टिपत बसावं लागतं आणि एक्झिटची संख्या उसळते. २००६ च्या त्या निष्कर्षामागचं दुखणं तुमच्याच यंत्रावर दिसतं.

८. आता प्रोसेसरशी थेट बोला

इथवर आलात तर व्हीएमएक्सचा छोटा हायपरव्हायझर लिहायला हरकत नाही. सुरुवात खऱ्या यंत्रावर नको. बॉक्स हा एम्युलेटर व्हीएमएक्सची नक्कल करतो आणि व्हीएम एन्ट्री का नाकारली ते लॉगमध्ये लिहितो. खरा प्रोसेसर तेवढी माहिती देत नाही. एएमडीची एसव्हीएम शिकत असाल तर क्यूइम्यूचं टीसीजी (त्यातला सॉफ्टवेअर एम्युलेशनचा भाग) तिची नक्कल करतं, व्हीएमएक्सची मात्र नाही.

क्रम: सीआर४ चा बिट १३ चालू, व्हीएमएक्सऑन, व्हीएमसीएस रचनेत (जिच्यात गेस्ट व होस्टची अवस्था आणि नियंत्रणं ठेवतात) पहिल्या चार बाइटांत रिव्हिजन क्रमांक, व्हीएमक्लिअर, व्हीएमपीटीआरएलडी, मग व्हीएमराइटने सगळी फील्ड, शेवटी व्हीएमलाँच. वेळ जातो तो फील्डांत. कंट्रोल फील्डांचे कोणते बिट १ आणि कोणते ० असले पाहिजेत हे हेक्स ४८० पासूनच्या एमएसआरमधून वाचा. दुसऱ्याच्या कोडातले आकडे उचलू नका, ते त्याच्या प्रोसेसरचे असतात.

त्रुटी आली तर व्हीएमसीएसमधला हेक्स ४४०० क्रमांकाचा फील्ड वाचा. ७ म्हणजे कंट्रोल फील्ड चुकीची, ८ म्हणजे होस्टची अवस्था चुकीची. ८ आल्यावर आधी टीआर (टास्क रजिस्टर) तपासा: होस्टचा टीआर सिलेक्टर शून्य चालत नाही. शिवाय होस्टच्या सगळ्या सिलेक्टरांचे खालचे तीन बिट शून्य हवेत. ४ म्हणजे लाँच दोनदा केलं, दुसऱ्यांदा रिझ्यूम हवं होतं. ५ म्हणजे नेमकं उलटं. एक्झिटच्या कारणात ३३ आणि सोबत बिट ३१ चालू दिसला तर गेस्टची अवस्था अवैध. तिथे व्हीएमसीएस लिंक पॉइंटरचे सगळे बिट १ ठेवलेत ना, ते आधी पाहा.

प्रोसेसर आरएसपी, आरआयपी आणि आरफ्लॅग्ज सांभाळतो. उरलेली १५ साधी रजिस्टरं आणि एसएसईची अवस्था तुमच्या असेम्ब्लीने जपायची. एक रजिस्टर निसटलं तरी गेस्ट बराच वेळ नीट चालतो आणि मग असंबद्ध ठिकाणी कोसळतो. एक्झिटनंतर जीडीटी आणि आयडीटीची मर्यादा हेक्स एफएफएफएफ होते, तीही पूर्ववत करा.

ईपीटी लिहिताना दोन चुका हमखास होतात. वाचायची परवानगी न देता लिहायची दिली तर ४९ क्रमांकाचा एक्झिट येतो, तो निदान दिसतो. दुसरी चूक दिसत नाही: शेवटच्या नोंदीतला मेमरी टाइप, म्हणजे बिट ३ ते ५, शून्य सोडला तर ते पान कॅश न होणारं ठरतं. सगळं बरोबर चालतं, पण कमालीचं सावकाश. साध्या मेमरीसाठी तिथे ६ हवं.

९. प्रश्न निवडणं

"हायपरव्हायझर वेगवान करायचा आहे" हा प्रश्न नाही. एक विशिष्ट काम, त्यात होणारा एक विशिष्ट एक्झिट किंवा विलंब आणि त्यावर तुमचा एक बदल, एवढं एका वाक्यात बसलं पाहिजे. आधी पाचव्या पायरीसारखं मोजा आणि ज्या कारणाचा वाटा मोठा आहे तिथेच खणा. एकूण वेळेच्या दोन टक्के खाणारा एक्झिट पूर्ण नाहीसा केलात तरी फायदा दोन टक्क्यांचाच.

सध्या जिथे करण्यासारखं खूप आहे अशा जागा: एएमडीच्या एसईव्ही-एसएनपी आणि इंटेलच्या टीडीएक्ससारख्या सोयी, ज्यांत गेस्ट हायपरव्हायझरवर विश्वास ठेवत नाही आणि म्हणून प्रत्येक एक्झिटची किंमत नव्याने मोजावी लागते. २०१८ मध्ये आलेल्या फायरक्रॅकरसारखे छोटे मॉनिटर, ज्यांत बूटचा वेळ आणि प्रत्येक गेस्टमागे जाणारी मेमरी कळीची. २०२१ मध्ये मान्य झालेलं रिस्क-व्हीचं हायपरव्हायझर एक्स्टेन्शन, जिथे सॉफ्टवेअर अजून घडतं आहे. आणि सुरक्षा. २०१५ ची व्हेनम ही त्रुटी क्यूइम्यूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये सापडली, जे उपकरण प्रत्यक्षात कोणी वापरतही नव्हतं. उपकरणांच्या नकलेचा कोड तपासायला नव्या माणसाला भरपूर वाव आहे, पण तपास फक्त स्वतःच्या यंत्रावर करा आणि त्रुटी सापडली तर आधी त्या प्रकल्पाच्या सुरक्षा गटाला कळवा.

१०. प्रत्येक निकालाबरोबर जपायची यादी

प्रोसेसरचं मॉडेल, स्टेपिंग आणि मायक्रोकोडची आवृत्ती. फर्मवेअरची आवृत्ती आणि बदललेली सेटिंग्ज. होस्ट आणि गेस्ट दोन्ही कर्नलचे कॉमिट व कॉन्फिग. दोन्हींच्या बूटच्या ओळी. केव्हीएम मॉड्यूलचे सगळे पॅरामीटर, सिसएफएसमधून जसेच्या तसे. क्यूइम्यूची आवृत्ती आणि पूर्ण आज्ञा. पानांचे आकार, दोन्ही बाजूंचे. कच्चे आकडे, सरासरी काढण्याआधीचे.

हे सगळं गोळा करणारी एक स्क्रिप्ट लिहा आणि प्रयोगाच्या स्क्रिप्टने ती प्रत्येक वेळी आपोआप चालवावी. हाताने करायचं ठेवलं तर चौथ्या दिवशी राहून जातं. नंतर मायक्रोकोड बदलून आकडे हलले, तर ते का हलले हे शोधायला जुनी नोंदच हाताशी नसते.